पृथ्वीचा काटा: किती ऊन आलं, किती ऊब गेली

डिसेंबर-जानेवारीत खानापूर, जांबोटी भागात शिवाराच्या राखणीला जाणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही, की आभाळ निरभ्र असलं तर पहाटे कडाका पडतो आणि ढग दाटले तर रात्र उबदार जाते. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता आभाळाकडे सोडत असते. ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात जाते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण पेटत्या चुलीसमोर बसलं की तोंडावर जाणवतात ते हेच किरण. ढग असले की ते हे किरण शोषून घेतात आणि त्यातला बराच भाग पुन्हा खाली पाठवतात. १५ अंश सेल्सिअस तापमानाची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३९० वॅट ऊर्जा अशी बाहेर टाकत असते. बाहेर जाण्याची वाट मोकळी असेल तर पहाटेपर्यंत दव पडणारच.

हाच प्रकार सबंध पृथ्वीचा आहे. अंतराळात हवा नाही, त्यामुळे पृथ्वीला उष्णता मिळायची ती किरणांतून आणि गमवायची तीही किरणांतूनच. तिसरी वाट नाही. म्हणजे वातावरणाच्या वर, काही शे किलोमीटरवर उपकरण नेऊन बसवलं आणि सूर्याकडून किती आलं, उन्हाचा किती भाग तसाच परत फिरला आणि अवरक्त रूपात किती बाहेर गेलं, एवढं मोजलं तर पृथ्वी तापतेय की निवतेय हे कळलं पाहिजे. हवामानबदलाच्या चर्चेत आपण नेहमी तापमानाचे आकडे ऐकतो. बेळगावला एकेकाळी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे आणि आता घरोघरी एसी लागले, हेही त्याच ओघात येतं. पण तापमान म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीची नोंद. पुढं किती तापायचं शिल्लक आहे ते या किरणांच्या हिशेबातून कळतं. माझ्या मते हवामानाबद्दलचा सगळ्यात मोलाचा आकडा हाच, आणि सर्वसामान्य वाचकापर्यंत तोच सगळ्यात कमी पोचलेला आहे.

आधी येणारी बाजू. सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एका चौरस मीटरवर, वातावरणाच्या बाहेर, सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा आपल्या डोक्यावरच्या आभाळाच्या माथ्याला जवळपास एवढं ऊन मिळतं. पण पृथ्वी गोल आहे. एका वेळी निम्मी अंधारात असते आणि उरलेल्या निम्मीवरही बहुतेक ठिकाणी ऊन तिरकं पडतं. सूर्याला पृथ्वीची दिसते ती तबकडी, आणि गोलाचं क्षेत्रफळ त्या तबकडीच्या बरोबर चौपट. म्हणून १३६१ ला चाराने भागायचं. सरासरी आली ३४० वॅट.

या ३४० पैकी सुमारे १०० वॅट ढग, बर्फ, वाळवंटं, धूलिकण यांच्यावर आपटून तसेच परत जातात. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, निळाशार समुद्र जेमतेम सहा-सात टक्के. उरलेले २४० वॅट पृथ्वी पचवते आणि तेवढेच अवरक्त रूपात बाहेर टाकायला बघते. फक्त एवढ्यावर चाललं असतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश राहिलं असतं. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे, कारण पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू बाहेर निघालेली ऊब मध्येच अडवतात. अंतराळात जाणारी ऊब जमिनीवरून थेट सुटत नाही, सरासरीने पाहिलं तर ती सुमारे पाच किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेतून सुटते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही सुटण्याची जागा आणखी वर, आणखी थंड थरात सरकते. थंड वस्तू कमी किरण टाकते. आलेलं तेवढंच, गेलेलं कमी. खालची जमीन आणि समुद्र पुरेसे तापून पुन्हा तेवढंच बाहेर टाकू लागेपर्यंत फरक साठत राहतो.

हा फरक किती आहे? संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालात २००६ ते २०१८ या काळासाठी दिलेला आकडा आहे ०.७९ वॅट, दर चौरस मीटरमागे. पाऊण वॅटाच्या थोडं वर. ऐकायला काहीच नाही. पण एकराचा हिशेब केला तर सव्वातीन किलोवॅट, म्हणजे चार हॉर्सपॉवरहून जास्त, रात्रंदिवस, बारा महिने. आणि पृथ्वीवर समुद्रासकट जेवढे म्हणून एकर आहेत तेवढ्या प्रत्येकावर. सगळी माणसं मिळून कोळसा, तेल, वीज अशी जेवढी ऊर्जा वापरतात त्याच्या ही सुमारे वीसपट होते.

वीस टनांच्या खेपेत ४७ किलो

खरी अडचण आता येते. ३४० मधून १०० आणि २४० वजा करून पाऊण वॅट शोधायचा आहे. चिक्कोडी, अथणी, संकेश्वर भागात ऊस घालणाऱ्या कुणालाही यातली गोम लगेच कळेल. कारखान्याच्या गेटवर भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं. ऊस उतरवून रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर, पुन्हा वजन. वजाबाकी म्हणजे तुमचा ऊस. समजा वीस टनांची खेप आहे. ३४० च्या मानाने ०.८ म्हणजे वीस टनांच्या मानाने सुमारे ४७ किलो. काटा एका टक्क्याने चुकला तर चूक झाली दोनशे किलोंची. मग त्या काट्यावर ४७ किलो सापडायचे कसे?

उपग्रहांवरच्या उपकरणांची गत अशीच आहे. सूर्याच्या ऊर्जेचा आकडा कित्येक वर्षं १३६६ च्या आसपास धरला जात होता. २००३ साली सोडलेल्या सोर्स नावाच्या उपग्रहावरच्या उपकरणाने तो १३६१ दाखवला. पुढे तपासणीत निघालं की जुन्या उपकरणांच्या आत इकडून तिकडून विखुरलेला जास्तीचा प्रकाश शिरत होता. पाच वॅटांची चूक. चाराने भागली तरी सव्वा वॅट. जो फरक शोधायचा आहे त्याच्याहून चूक मोठी! आज पृथ्वीची नोंद घेणारं सगळ्यात चांगलं उपकरण सेरेस. त्याच्या कच्च्या आकड्यांची वजाबाकी केली तरी शिल्लक चार वॅटांहून जास्त निघते, आणि ते शक्य नाही. एवढी उष्णता साठत असती तर समुद्र आहेत त्याहून कितीतरी वेगाने तापले असते.

मग हा खटाटोप कशाला, असं वाटेल. तर काट्याचीच गोष्ट पुढे नेतो. काटामारी करणारा काटा दर खेपेला बरोबर दोनशे किलो कमी दाखवत असेल, रोज तेवढंच, ना कमी ना जास्त, तर तुमच्या उसाचं खरं वजन त्यावरून कळणार नाही. पण या हंगामात खेपेमागे वजन गेल्या हंगामापेक्षा किती वाढलं, हे तो बिनचूक सांगेल. सेरेसचं तसंच आहे. एकूण आकड्यात तो चुकतो, पण चूक वर्षानुवर्षं जवळपास जागची हलत नाही. त्यामुळे दर वर्षी फरक किती बदलला हे वॅटाच्या दशांशापर्यंत पकडता येतं.

खरं वजन ठरवण्यासाठी मग दुसरा काटा लागतो, आणि तो समुद्रात आहे. साठलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९१ टक्के समुद्रात जाते, ५ टक्के जमिनीत, ३ टक्के बर्फ वितळवण्यात आणि हवेच्या वाट्याला येते जेमतेम १ टक्का. आपण जिचं तापमान रोज बघतो ती हवा एक टक्क्याची धनी आहे! जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगक सोडलेले आहेत. ते दोन हजार मीटर खोल जातात, वर येताना पाण्याचं तापमान आणि क्षारता नोंदवतात आणि साधारण दहा दिवसांनी एकदा उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. हिंदी महासागरातल्या तरंगकांचं भारताकडचं काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था बघते. समुद्रात दहा वर्षांत किती उष्णता साठली हे या तरंगकांवरून काढायचं आणि सेरेसचा सरासरी आकडा त्याच्याशी जुळवून घ्यायचा. समुद्र एकूण वजन सांगतो, उपग्रह त्यातली चढउतार. दोघांपैकी एकाने भागत नाही.

काळे-पांढरे गोळे ते सेरेस

सुरुवात झाली १३ ऑक्टोबर १९५९ ला. अमेरिकेच्या एक्सप्लोरर-७ उपग्रहावर विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या व्हर्नर सुओमी यांनी छोटे अर्धगोल बसवले होते, काही काळे, काही पांढरे. काळा अर्धगोल ऊन आणि ऊब दोन्ही शोषतो, पांढरा ऊन परतवतो पण ऊब शोषतो. दोघांच्या तापण्यातल्या फरकावरून ऊन किती, ऊब किती ते वेगळं काढायचं. एवढ्याशा युक्तीवर पृथ्वीचा पहिला हिशेब मांडला गेला. पुढच्या काही वर्षांतल्या मोजणीतून कळलं की पृथ्वी समजली जात होती त्याहून काळपट आहे, म्हणजे ऊन कमी परतवते आणि जास्त पचवते. त्याआधीचे अंदाज ३५ ते ४० टक्क्यांचे होते, ते ३० च्या आसपास आले.

१९८४ मध्ये हाच हिशेब ठेवणारा ईआरबीएस हा उपग्रह चॅलेंजर यानातून सोडला गेला. त्याचं सौर पॅनेल उघडेना, तेव्हा अंतराळवीर सॅली राइड यांनी यानाच्या यांत्रिक हाताने त्याला हलवून हलवून ते मोकळं केलं. दोन वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह २००५ पर्यंत कामात राहिला. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या धुरळ्याने ऊन परत फिरू लागलं, ते याच उपग्रहाने पकडलं. त्यानंतरच्या वर्षी पृथ्वी साधारण अर्ध्या अंशाने निवली होती.

सेरेस त्यानंतरची. १९९७ पासून ही उपकरणं एकामागून एक सोडली गेली; टेरा, ॲक्वा, सुओमी-एनपीपी आणि नोआ-२० या उपग्रहांवरची त्यातली महत्त्वाची. आत असतो एक काळा लेप दिलेला संवेदक. किरण पडले की तो किंचित तापतो आणि त्या तापण्यावरून ऊर्जा मोजतात. एक वाहिनी फक्त ऊन बघते, दुसरी ऊन आणि ऊब मिळून सगळं. वजा केलं की ऊब हातात. दर फेरीत तो काळ्या अंतराळाकडे बघून आपलं शून्य तपासतो आणि अधूनमधून बरोबर नेलेल्या, तापमान ठाऊक असलेल्या काळ्या पिंडाकडे बघून आपलं माप तपासतो.

एवढं करूनही दोन भानगडी उरतात. एक म्हणजे उपग्रह एका वेळी एकाच कोनातून बघतो. राकसकोप जलाशयाकडे संध्याकाळी सूर्याच्या दिशेने बघा, पाणी डोळे दिपवतं. तेच पाणी उलट बाजूने काळसर. एका कोनावरून सगळ्या दिशांना मिळून किती ऊन परत गेलं हे ठरवायचं, तर ढग, पाणी, जंगल, काळं रान, ऊस, वाळू अशा प्रत्येक प्रकाराचा कुठल्या कोनातून किती प्रकाश येतो याचे तक्ते आधी तयार करावे लागतात. सेरेसचं अर्धं काम तिथं आहे, आणि बाहेर त्याची कुणी दखल घेत नाही.

दुसरी भानगड वेळेची. ठरलेल्या कक्षेत असताना टेरा विषुववृत्त ओलांडायचा सकाळी साडेदहाला, ॲक्वा दुपारी दीडला. आपल्याकडचा वळीव चढतो चारच्या पुढे. दीडला स्वच्छ आभाळ बघून गेलेल्या उपग्रहाला चार वाजता बेळगावावर उभा राहिलेला काळा ढग कसा कळणार? त्यासाठी ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी थांबल्यासारख्या दिसणाऱ्या भूस्थिर उपग्रहांची मदत घेतात. दुसरा उपाय भारताने केला. इस्रो आणि फ्रान्सच्या अंतराळ संस्थेने मिळून १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून मेघा-ट्रॉपिक्स सोडला. बहुतेक असले उपग्रह ध्रुवांवरून फिरतात, हा मात्र विषुववृत्ताशी फक्त २० अंशांचा कोन करून फिरायचा, म्हणजे उष्ण कटिबंधावरच दिवसातून अनेक वेळा यायचा. बेळगाव पंधरा-सोळा अंशांवर, म्हणून त्याच्या पट्ट्यात. त्यावरचं स्कॅरॅब हे उपकरण हाच किरणांचा हिशेब करायचं. मार्च २०२३ मध्ये इस्रोने त्याला ठरवून प्रशांत महासागरावर खाली उतरवून संपवलं.

ढग कुणाच्या बाजूचे

सुरुवातीला म्हटलं की ढग रात्री ऊब अडवतात. पण दिवसा तेच ढग ऊन परतवतात. मग एकूणात ते पृथ्वीला तापवतात की निववतात? पिढ्यान्‌पिढ्या वाद होता. उत्तर मिळालं ते ईआरबीएसच्या काळातल्या आकड्यांतून, १९८९ मध्ये, वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. रामनाथन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. त्यांचा हिशेब असा: ढग सुमारे ४४ वॅट ऊन परतवतात, सुमारे ३१ वॅट ऊब अडवतात. म्हणजे एकूणात ते १३ वॅटांनी पृथ्वीला निववतात. ढग नसते तर आपण भाजून निघालो असतो.

मात्र सगळे ढग सारखे नाहीत. खालचे जाड ढग ऊन परतवण्यात पटाईत, उंचावरचे पातळ पिंजलेले ढग ऊब अडवण्यात. मोठे पावसाळी ढग दोन्ही कामं जोरात करतात आणि उष्ण कटिबंधात बहुतेक ठिकाणी या दोन्ही बाजू एकमेकींना फेडून टाकतात. आपल्या मोसमी पट्ट्यात मात्र तसं होत नाही. एम. राजीवन आणि जे. श्रीनिवासन या हवामानशास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं की जून ते सप्टेंबर या काळात इथल्या ढगांची ऊन परतवण्याची बाजू बरीच जड पडते. कणकुंबीकडे जुलैत आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही, याची जागतिक हिशेबात वेगळी नोंद लागते ती अशी.

आता सगळ्यात ताजी आणि जरा चक्रावणारी गोष्ट. २०२१ मध्ये नासाच्या नॉर्मन लोएब आणि सहकाऱ्यांनी सेरेस आणि समुद्रातले आकडे शेजारी ठेवले. २००५ ते २०१९ या काळात फरक जवळपास दुप्पट झाला होता, आणि दोन्ही काटे एकच वाढ दाखवत होते. चक्रावणारं हे, की या काळात पृथ्वी बाहेर टाकते ती ऊब कमी झालेली नाही, उलट थोडी वाढली आहे. तापलेली वस्तू जास्त किरण टाकणारच. पण पचवलं जाणारं ऊन त्याहून जास्त वाढलं. ढग आणि समुद्रावरचा बर्फ कमी ऊन परतवू लागले. यात प्रशांत महासागरातल्या नैसर्गिक चढउताराचा किती वाटा, आणि त्यापुढे, २०२० पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणल्यामुळे समुद्रावरचे ढग किती फिके पडले, यावर तज्ज्ञांत अजून जुंपलेली आहे. धूर हवेत नको, पण गंधकाचा धूर ऊन परतवायचा, ही त्यातली विचित्र बाजू. आपल्याकडे उसाचं पाचट जाळतात त्याची काजळी उलट वागते, ती काळी असल्याने ऊन शोषते.

काळजीची गोष्ट पुढेच आहे. टेरा पाव शतक फिरतो आहे, इंधन संपत आल्याने तो आणि ॲक्वा आपल्या ठरलेल्या वेळेवरून सरकले आहेत. सेरेसचं शेवटचं उपकरण २०१७ मध्ये वर गेलं. त्याच्या जागी येणाऱ्या उपकरणाचं नाव लिबेरा. जुना काटा चालू असतानाच नवा शेजारी बसवून दोघांवर तीच खेप तोलली, तरच दोघांतला फरक कळतो. मध्ये खंड पडला तर आधीच्या पंचवीस वर्षांचे आकडे आणि पुढचे आकडे एका रेषेत जोडता येणार नाहीत.

हा सगळा हिशेब दूरचा वाटत असेल तर त्यातला एक आकडा दर मेअखेर आपल्या कामाचा असतो. केरळात मान्सून आला असं हवामान खातं जाहीर करतं, तेव्हा तीन गोष्टी बघितल्या जातात: ठरलेल्या १४ केंद्रांवरचा पाऊस, पश्चिमेचे वारे, आणि बाहेर जाणारी ऊब. केरळालगतच्या समुद्रावर, ५ ते १० अंश उत्तर आणि ७० ते ७५ अंश पूर्व या चौकोनात, इन्सॅट उपग्रहाने मोजलेली ऊब २०० वॅटांच्या खाली यावी लागते. २०० का? ३० अंशांवरचा समुद्र सुमारे ४८० वॅट वर सोडतो. आभाळ मोकळं असेल तर त्यातले २८०-३०० अंतराळापर्यंत पोचतात. पण मोठ्या पावसाळी ढगाचा माथा शून्याखाली ६० अंशांवर असतो आणि तिथून निघतात फक्त ११५-१२० वॅट. चौकोनाची सरासरी २०० च्या खाली गेली, म्हणजे उंच ढगांनी तो बराचसा भरला.

बेळगाव, खानापूरच्या पश्चिम भागात भाताची धूळवाफ पेरणी मान्सूनच्या आधीच उरकावी लागते, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याने तो नकाशा जरूर बघावा; खात्याच्या संकेतस्थळावर तो रोज असतो. फक्त एक ध्यानात ठेवायचं. तो आकडा केरळापुढच्या समुद्राचा आहे. तिथून मान्सूनची शाखा कारवार-गोव्यापर्यंत येऊन चोर्ला घाट चढायला कधी दोन-चार दिवस घेते, कधी वाटेतच अडकून आठवडाभर रखडते, आणि ते त्या चौकोनातून कळत नाही. त्यासाठी आपल्या डोक्यावरचा, १५-१६ अंशांवरचा नकाशा वेगळा बघायचा.